तिसऱ्या हाकेपर्यंत

खालून कोणी हाक मारली की बाबा पायात चप्पलसुद्धा न घालता जिना उतरायचे. एकदा तर अर्धी दाढी झालेली, दुसऱ्या गालाला साबण, तसेच गेले. मिल बंद पडून दीडेक वर्ष झालं होतं. चाळीच्या चौकातून कोणी ‘दत्ता’ म्हटलं, की त्यांना वाटायचं, मिल सुरू होतेय हे सांगायलाच कोणीतरी आलंय. आलेला माणूस बहुतेक वेळा भलत्याच कामाला आलेला असे. कोणाला कसल्याशा अर्जावर सही हवी असे, कोणी कायमचा गावी चाललेला असे, कोणाच्या घरी कोणी गेलेलं असे. बाबा परत वर यायचे, राहिलेली अर्धी दाढी करायचे आणि आरशातच बघत आईला म्हणायचे, “तसा काय नाय.”

आईला ह्या धावण्याचा फार राग यायचा. ती मालवणकडची. तिच्या घरात मुलांना चालायला शिकवतात त्याच सुमाराला ही एक गोष्ट शिकवतात: माणूस समोर दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. कारण जे माणूस नसतं त्याला दोनच हाका जमतात. तिसरी हाक मारणारा आपल्यातला. तिने मला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की ते शिकल्याचं मला आठवतच नाही. जेवताना उजवा हात पुढे यावा तसं ते अंगात होतं. “तिसरी हाक येईसर ओ देव नको गो,” असं ती मला म्हणायची, पण बघायची बाबांकडे.

तेव्हा ती कोपऱ्यावरच्या खानावळीत पोळ्या लाटायला जात होती. घरी भात आणि कुळथाची पिठी. मी सातवीत. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून आई दाभणाने शिवून द्यायची, ती माझी नवी वही. वर्गात मुली हसायच्या, कारण एकाच वहीत तीन प्रकारच्या रेघा असत. नंतर चाळीतली खोलीही गेली. कशी गेली ते सांगत बसत नाही. गेली. बाबांच्या खात्यातल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या ओळखीने मढला एका बंगल्यावर राखणीचं काम मिळालं, आणि एका टेम्पोत आम्ही तिघं, एक कपाट आणि गणपतीचा पाट असे समुद्राकडे निघालो.

हे सगळं आता वर यायचं कारण म्हणजे एप्रिल आलाय.

एप्रिलमध्ये मला घरात बसवत नाही. परीक्षा संपून इतकी वर्षं झाली, आता मी स्वतः बोरीवलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, तरी हा महिना लागला की हातापायांना काहीतरी होतं. आमच्या सोसायटीची मागची भिंत नॅशनल पार्कला लागून आहे. पार्कातली झाडं ह्या दिवसांत खंगलेली, वाळलेली पानं वाऱ्याबरोबर गच्चीवर येऊन खरखरत फिरतात, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत सोसायटीतली पोरं पुस्तकं घेऊन येरझाऱ्या घालतात. मी कपडे वाळत घालायला जाते आणि एकच साडी तीनदा झटकते. पर्समध्ये उगाच हॉलतिकीट शोधते. माझा नवरा म्हणतो, अगं परीक्षा त्यांची आहे, तू कशाला घाम पुसतेस. त्याचे आईवडील दोघं पदवीधर. त्याला नाही कळायचं.

ह्या वर्षी आणखी एक झालं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला, दुसऱ्या एका कॉलेजात, बाहेरची परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं. पत्र टेबलावर पडलंय. मी ते उचलते, वाचते, ठेवते. आणि मला दिसतो तो अंधेरीच्या कॉलेजातला तिसऱ्या मजल्यावरचा पॅसेज आणि त्यातलं ते बाक.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असे. विषयांची यादी बोर्डावर लागायची आणि आपल्याला हव्या त्या विषयासमोर आपण आपलं नाव लिहायचं. त्या दिवशी समुद्राला सुकती होती. मढहून वर्सोव्याला येणारी बोट पाणी उतरलं की धक्क्याला लागायला वेळ खायची. मी कॉलेजात पोचले तोवर चांगले विषय गेले होते. बायकांच्या कादंबऱ्या गेल्या, निसर्गकविता गेली, नाटकं तर सगळ्यात आधी. एकच ओळ कोरी होती: दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी भयकथा. माझ्या शेजारी रेश्मा पवार उभी होती. अंधेरीचीच, चालत कॉलेजला येणारी, सगळ्यात आधी नाव लिहून मोकळी झालेली. ती म्हणाली, “वाट लागली तुझी यार. तुला भुतं आली.”

मी नाव लिहिलं. दुसरं काय करणार होते.

लायब्ररीत त्या गोष्टींचं एकच जाड पुस्तक होतं. घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून झेरॉक्स काढून आणली आणि आईच्या दाभणाने शिवली. गोष्टींची नावं इथे सांगत नाही, पण त्या अजून माझ्याबरोबर आहेत. एकीत युद्धाहून परत आलेला एक माणूस गावाबाहेर घर भाड्याने घेतो. रोज चार वाजता मोलकरीण चहा मांडते आणि रोज एक कप जास्त मांडते. तो ओरडतो. ती माफी मागते, पुन्हा जास्त मांडते. शेवटी एका संध्याकाळी कप बरोबर होतात आणि त्याच्या लक्षात येतं की कमी झालेला कप आपला आहे. दुसरी एका बाईची. बागेच्या टोकाकडून तिला तिच्या मुलाच्या आवाजात हाक येते. मुलगा फ्रान्सच्या चिखलात गेलेला, त्याचं काहीच घरी आलेलं नाही. ती विणकाम हातात घेऊनच उठते. लोकांना मिळतं ते फक्त ते विणकाम, आणि खुर्चीपासून बागेच्या टोकापर्यंत उलगडत गेलेली लोकर. तिथे काय होतं ते गोष्ट सांगत नाही.

मला वाटलं होतं भूत म्हणजे दात आणि केस. इथे कोणी किंचाळत नव्हतं. सगळे चहा पीत होते, हवेबद्दल बोलत होते, आणि कोणीतरी दारावर टकटक करत होतं. वाचताना मला बसवत नसे. मी झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून बंगल्याच्या मागच्या अंगणात चालत वाचायची. कुंपणापलीकडे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत टाकलेले असत, त्या वासात, उन्हात, भर दुपारी मला मान मागे वळवून बघावंसं वाटायचं.

आणि ज्या घरात मी हे वाचत होते त्या घराची गंमत वेगळीच.

बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. सोमवारी तिथे लग्न लागायचं, झेंडूच्या माळा, नवरानवरी; गुरुवारी तिथे भूत राहायला यायचं. एक भुताटकीची मालिका होती, तिचं युनिट महिन्यातून दोनदा तरी येई. आर्टवाली माणसं पंख्यासारख्या यंत्राने रबराचं पाणी उडवून पाच मिनिटांत कोपऱ्याकोपऱ्यांत कोळिष्टकं विणायची. मुलतानी माती फुंकून फर्निचरवर शंभर वर्षांची धूळ बसवायची. ते गेले की ती शंभर वर्षं काढायचं काम बाबांचं. शिडीवर चढून, डोक्याला पंचा बांधून, ते जाळी गुंडाळून काढायचे. खऱ्या कोळ्याचं जाळं झाडूला लगेच येतं, हे रबराचं चिवट असतं, असं त्यांचं मत. कधी कधी त्यांच्या केसांत त्याचा एखादा धागा संध्याकाळपर्यंत राहायचा.

आम्ही मागच्या आउटहाउसमध्ये. एका दुपारी मी अभ्यास करत होते आणि दारात भूत येऊन उभं राहिलं. पांढरी साडी, चेहऱ्यावर निळ्या शिरा रंगवलेल्या, एका डोळ्यात बुबुळ नाही. ती त्या मालिकेतली भूत झालेली बाई होती, शॉटला वेळ होता आणि बाहेर उन्हात तिचा मेकअप वितळत होता. पंख्याखाली बसू का, म्हणाली. आईने तिला पाट दिला, सोलकढी दिली, आणि रंग कपाला लागेल म्हणून कप नको, स्टीलचा पेलाच दिला. मग दोघींचं सुरू झालं. तिचा मुलगा मुलुंडला आजीकडे होता, तापाने फणफणलेला, आणि तिचा फोन मेकअपच्या खोलीत राहिला होता. आईने तिला आपला फोन दिला. एका डोळ्यात बुबुळ नसलेली बाई आमच्या पाटावर बसून पोराला औषध घे म्हणून विनवत होती. तेवढ्यात बंगल्यातून कोणीतरी तिला हाक मारली. ती पेला ठेवून ताडकन उठली आणि पळाली. आई तिच्या मागे बघत राहिली आणि म्हणाली, बघ, भुतांकापण पहिल्याच हाकेक जावचा लागता.

मी हसले. त्या महिन्यात मी तेवढंच हसले असेन.

कारण मालकाने बंगला विकायला काढला होता. नव्या माणसाला तो पाडून हॉटेल बांधायचं होतं, राखणदार नको होता. पाऊस लागायच्या आत आउटहाउस रिकामं करा, असं मालकाने बाबांना सांगितलं. वाईट माणूस नव्हता, चहा पीतपीतच सांगितलं. बाबांची साठी जवळ आली होती. मिलमधून सुटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण काम देणार. आणि बोरीवलीच्या एका खाजगी ज्युनिअर कॉलेजच्या बाईंनी मला शब्द दिला होता की एम.ए. झालीस तर जूनपासून ये. झालीस तर. त्या दोन शब्दांवर आम्ही तिघं उभे होतो, आणि ते दोन शब्द त्या भुतांच्या प्रोजेक्टवर. बाबा एकदा शिडीवरून म्हणाले, “भुतांचो अभ्यास करून नोकरी मिळतली?” मी म्हटलं, मिळेल. ते म्हणाले, मग कर, आणि पुन्हा जाळी काढायला लागले. त्यांना विषय कळत नव्हता, पण झाडांना पाणी घालायचा पाइप एरवी ते अंगणातून ओढत न्यायचे, तो मी वाचत असताना उचलून, आवाज न करता न्यायचे.

एकदा जेवताना मी दोघांना त्या लोकरीच्या बाईची गोष्ट सांगितली. मालवणीतच सांगितली, बागेऐवजी परसू केलं, फ्रान्स तसंच ठेवलं. आई घास हातात धरून ऐकत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं, “कितव्या हाकेक गेली?”

पहिल्या, मी म्हटलं.

मग काय तर, असं म्हणून आईने घास तोंडात घातला. तिच्या दृष्टीने विषय संपला. त्या बाईला कोणी शिकवलंच नव्हतं. साहेबाच्या देशात इतकी शिकलेली माणसं, आणि एवढं साधं ठाऊक नाही. बाबा ताटात बघत होते. तसेच बघत म्हणाले, “तिचो झील होतो मा तो.” तिचा मुलगा होता ना तो. आणि हात धुवायला उठले.

मी ते ऐकलं आणि विसरले. मला वाटलं, ह्यांना गोष्ट नीट कळली नाही. मला एम.ए.चा माज होता, खोटं कशाला सांगू.

प्रोजेक्टमध्ये मी एक आख्खं प्रकरण दारावर लिहिलं. ह्या गोष्टींतला इंग्रज माणूस पहिल्या टकटकीला दार का उघडतो? मी लिहिलं, कारण तो चौकस आहे, विज्ञानावर वाढलेला आहे, त्याचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. हे सगळं मी मॅडमच्या नोट्समधून आणि दोन गाइडांमधून जमवलं होतं. प्रोजेक्ट बघणाऱ्या आमच्या मॅडम मुलुंडच्या, तीन पिढ्या शिकलेल्या घरातल्या, बोलणं स्वच्छ, साडीला इस्त्री. मला त्यांच्यासारखं लिहायचं होतं. तिसऱ्या हाकेबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. ते आमच्या आउटहाउसमधलं होतं. कॉलेजात कशाला न्यायचं?

तोंडी परीक्षा सकाळी अकराला सुरू झाली. पॅसेजमध्ये एकच पंखा, तोही बाकापासून लांब. मी सात वाजताच्या बोटीने आले होते, आणि गेले तीन आठवडे धड झोपले नव्हते. मांडीवर स्पायरल केलेलं प्रोजेक्ट, त्याच्या कडा घामाने वाकलेल्या. नावं पुकारायला शिपाई होता, पण साडेबाराच्या सुमाराला त्याला वरच्या साहेबांनी कुठेतरी धाडलं. दाराला हिरवा पडदा होता. पडद्याच्या आतून आवाज आला.

“वैशाली परब.”

अनोळखी, घोगरा, पुरुषाचा आवाज. माणूस दिसत नव्हता. मी ऐकलं. माझंच नाव हे मला कळलं. पण मी उठले नाही. खरं सांगायचं तर मी ठरवून बसले नव्हते. ठरवायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. महिनोन्महिने मी दारं, टकटक आणि परसातल्या हाका वाचत होते, आणि त्या क्षणी माझ्या आत माझी आई बसली होती.

“वैशाली परब.”

दोन. मी प्रोजेक्ट घट्ट धरलं आणि तिसरीची वाट बघत राहिले. पंखा फिरत होता. पडदा थोडा हलला.

“रेश्मा पवार.”

रेश्मा उठली आणि माझ्याकडे बघतच राहिली. “अगं ए, तुझं नाव घेतलं ना दोनदा. बहिरी झालीस काय?” आणि ती आत गेली, कारण तिचं नाव घेतलं होतं.

मग मला कळलं मी काय केलं. तोंडीला गैरहजर म्हणजे प्रोजेक्ट तपासलं तरी गुण धरत नाहीत, वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे जूनची नोकरी गेली. आणि पाऊस लागायच्या आत आम्ही कुठे जाणार होतो? मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. पॅसेजच्या टोकापर्यंत गेले, परत आले. रेश्मा बाहेर आली तेव्हा तिने सांगितलं की यादीत माझ्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहिलंय. मग माझी दशा बघून तिने आवाज खाली केला. सांग उलट्या होत होत्या, बाथरूममध्ये होते, मी साक्षीला उभी राहते. चांगली मुलगी. अजून भेटते.

एक वाजता चहासाठी मॅडम बाहेर आल्या, मला बघून थबकल्या. त्यांच्या मागे बाहेरचे परीक्षक होते, उंच, वाकलेले, हातात कप. मॅडमनी विचारलं की मी इथेच समोर बसले होते ना. मी हो म्हटलं. मग ओ का दिली नाहीस?

उलट्यांचं वाक्य तोंडात तयार होतं. पण मला खोटं नीट बोलता येत नाही, चेहरा आधी पडतो. आणि थोडा रागही आला होता, कोणाचा ते ठाऊक नाही. मी म्हटलं, “मॅडम, आमच्यात तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत.”

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. त्या म्हणाल्या की ही कॉलेजची परीक्षा आहे, तुझं गाव नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी मान खाली घातली. तेव्हा मागून तो घोगरा आवाज आला, आणि ह्या वेळी त्याला चेहरा होता. जाड चष्मा, मिशीला चहा लागलेला. त्यांनी मराठीत विचारलं, “का देत नाहीत?”

मी सांगितलं. माणूस नसतं त्याला दोनच हाका जमतात, म्हणून. त्यांनी कप खिडकीत ठेवला. हे प्रोजेक्टमध्ये आहे का, म्हणाले. मी नाही म्हटलं. का नाही? मी प्रोजेक्टच्या वाकलेल्या कडा सरळ करायला लागले. मग ते मॅडमना म्हणाले की यादी संपल्यावर हिला घेऊ, दिवस संपेपर्यंत हजर झालेला विद्यार्थी हजर असतो. मॅडमनी माझ्या हाताला हात लावला. तो हात थंड होता. त्याही घाबरल्या असाव्यात, माझ्यासाठी.

यादी संपायला दोन तास लागले. ते दोन तास मी बसले नाही. पॅसेज चालत होते, इकडून तिकडे बेचाळीस पावलं. आणि चालता चालता मला अर्धी दाढी केलेले बाबा दिसायला लागले. अनवाणी जिना उतरणारे. आई वरून ओरडतेय, आणि ते पहिल्याच हाकेला निघालेत. ते काय चौकस होते? त्यांना तिसऱ्या हाकेचा नियम ठाऊक नव्हता? आईच्याच शेजारच्या गावचे ते.

“वैशाली परब,” आतून हाक आली. आणि मी पहिल्याच हाकेला ओ दिली.

आत पंधरा मिनिटं ठरलेलेच प्रश्न झाले, इंग्रजीत, आणि मी ठरलेलीच उत्तरं दिली. मग बाहेरच्या सरांनी ते दाराचं प्रकरण उघडलं. हा माणूस पहिल्या टकटकीला दार का उघडतो? मी चौकसपणा सांगितला, विज्ञान सांगितलं. ते म्हणाले, आणि? मी अविश्वास सांगितला. आणि? माझं इंग्रजी संपलं. मी विचारलं, मराठीत सांगू का. त्यांनी मान हलवली.

“सर, ते मी चुकीचं लिहिलंय,” मी म्हटलं. “ज्यांच्या घरचं कोणी परत आलेलं नाही, ते पहिल्या हाकेलाच जातात. नियम ठाऊक असला तरी जातात. ती लोकरीची बाई काय फसली नव्हती. तिचा मुलगा होता ना तो.”

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. सरांनी विचारलं, हे कुठे वाचलंस. मी म्हटलं, माझे वडील म्हणाले. वडील काय करतात? पूर्वी मिलमध्ये होते, मी म्हटलं, आता भुतांची जाळी काढतात. सर हसले नाहीत. त्यांनी लाल शाईच्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, शेजारी सही केली, आणि जा म्हणाले.

त्या मधल्या काळाबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं, शिकवलंही. एका देशात लाखो घरं अशी होती की ज्यांच्याकडे फक्त एक तार आलेली. ना प्रेत, ना राख. असा देश भुतांच्या गोष्टी लिहिणार नाही तर काय करणार? मुलांना मी हे सांगते तेव्हा ती वहीत उतरवून घेतात. मला गिरणगावातले जिने दिसतात, आणि त्यांच्यावर प्रत्येक हाकेला उघडणारी दारं. पण हे मी मुलांना सांगत नाही. ह्या वर्षी सांगीन असं वाटतंय.

बाबा आता आमच्याबरोबर बोरीवलीला असतात. चौथा मजला, लिफ्ट आहे, खालून कोणी हाक मारत नाही, वॉचमन इंटरकॉम करतो. तरी खाली रद्दीवाला ओरडला तरी बाबा गॅलरीत जाऊन वाकतात. आई आतून म्हणते, “तुमका हाक नाय मारूक.” ते म्हणतात, माहीत आहे. आणि वाकलेलेच राहतात.

पत्राला मी होकार कळवलाय. जाईन. शिपायाला सांगणार आहे की तू बस, नावं मी पुकारीन, आणि पडदा बाजूला करून दारात उभी राहीन, म्हणजे पोरांना चेहरा दिसेल. आणि नाव तीनदा घेईन. सोबतचे परीक्षक वैतागले तर वैतागू देत.

माझा निकाल त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात लागला. कॉलेजातून मी दुपारच्या बोटीने मढला आले. धक्क्यापासून बंगल्यापर्यंतचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. फाटक बंद होतं. आत दिवाणखान्यात बाबा शिडीवर होते, त्या मालिकेचं शेवटचं शूटिंग आदल्या दिवशी संपलं होतं. मला खरं तर आत जाऊन सांगायचं होतं. पण तेवढा धीर निघाला नाही आणि मी फाटकातूनच हाक मारली, “बाबा.”

एकदाच. ते आले. पायात काही नाही, खाली रेती तापलेली, डोक्याला पंचा, कानाजवळ रबराच्या जाळ्याचा एक धागा. फाटकाचे गज धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी एम.ए. झाले होते.